रवांडातली दुधाची लाकडी भांडी : नवख्यानं कशी पाहावीत, पारखावीत आणि सांभाळावीत

रवांडाच्या राजधानीहून, किगालीहून, आणलेलं माझं पहिलं लाकडी भांडं पुण्यात आल्यावर सहाव्या आठवड्यात तडकलं. एप्रिलची दुपार होती. बाहेरच्या खोलीतून ‘टक्’ असा आवाज आला, मला वाटलं पाल पडली. जाऊन बघतो तर भांड्याच्या ओठापासून पोटापर्यंत केसाएवढी बारीक रेघ उमटलेली. नोकरीनिमित्त अडीच वर्षं रवांडात काढली होती, या भांड्यांमागे सुट्टीचे दिवस घालवले होते आणि तरीही शेवटी त्याला खिडकीशेजारी उन्हात ठेवण्याचा गाढवपणा केलाच. तो तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

ही भांडी मुळात तुत्सी पशुपालकांच्या घरातली. रवांडा आणि बुरुंडी या दोन छोट्या, डोंगराळ देशांत गाय म्हणजे संपत्ती, प्रतिष्ठा, नातं आणि कविताही. दूध ज्यात काढायचं, ठेवायचं आणि प्यायचं ती भांडी अर्थातच साधी राहिली नाहीत. पण दुकानात फळीवर मांडलेलं एकटं भांडं बघून त्यातलं काही कळत नाही. त्याचं झाकण, ते ठेवायची जागा, त्यात मुरलेला धूर आणि ते धरणारा हात हे सगळं एकत्र पाहिलं की मगच त्याचा आकार तसा का आहे हे उमगतं. म्हणून मी सांगतो त्या क्रमानं जा. खरेदी बरीच शेवटी येते.

पहिलं काम : दूध प्या

गंमत नाही. किगालीत गल्लोगल्ली दुधाची छोटी दुकानं आहेत, आपल्याकडच्या अमृततुल्यासारखी. बाहेर पाटीवर ‘अमाता’ लिहिलेलं असतं, म्हणजे दूध. आत दोन-चार बाकं आणि मोठाल्या स्टीलच्या टाक्या. गरम ताजं दूध हवं असेल तर ‘इन्शुशु’ म्हणायचं, विरजलेलं हवं असेल तर ‘इकिवुगुतो’. इकिवुगुतो म्हणजे दही आणि ताक यांच्या मधलं काहीतरी. दाट, गुळगुळीत, बेताचं आंबट आणि मोठ्या ग्लासातून प्यायचं. सोबत चपाती मिळते. हो, तिथेही तिला चपातीच म्हणतात. भारतीयांबरोबर ती पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली आणि तिथून आतपर्यंत पोचली.

लोक बसून, सावकाश पितात. उभ्या उभ्या घटाघटा दूध पिणारा माणूस मी तिथे फारसा पाहिला नाही. कुणाच्या घरी दूध पुढे केलं तर दोन्ही हातांनी घ्या, किंवा उजव्या हातानं घेऊन डावा हात उजव्या मनगटाला लावा. कुठलीही वस्तू अदबीनं घ्यायची तिथली तीच रीत आहे. खेड्यात मात्र एक काळजी घ्या. जुन्या समजुतीप्रमाणे दूध आगीवर चढवलं तर गाईला बाधा होते, त्यामुळे काही ठिकाणी ते कच्चंच पुढे येऊ शकतं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. अशा वेळी हसून, छातीवर हात ठेवून नको म्हणा आणि इकिवुगुतोही उकळलेल्या दुधाचं आहे का ते विचारून घ्या. शहरातल्या दुकानांत दूध उकळलेलं असतं.

दुसरं : पाच-सहा शब्द तोंडात बसवा

विक्रेत्याशी, संग्रहालयातल्या वाटाड्याशी किंवा म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ‘मिल्क पॉट’ म्हणालात तर ‘मिल्क पॉट’च मिळेल. नावानं मागितलंत तर समोरचा माणूस खुर्ची पुढे सरकवतो.

इचान्सी म्हणजे धार काढायचं आणि दूध ठेवायचं लाकडी भांडं. आपली चरवी किंवा कासंडी डोळ्यांपुढे आणा, पण पितळेऐवजी अखंड लाकडातून कोरलेली. पोट गोलसर, मान थोडी आवळलेली, तोंड बेताचं, खाली बुटका पाया. अनेकवचन इब्यान्सी. बुरुंडीत आणि शेजारच्या युगांडातल्या अंकोले भागात हाच शब्द थोडा उच्चार बदलून भेटतो. अंकोलेत एक्यांझी म्हणतात. तिथले हिमा पशुपालक वेगळे, पण लांब शिंगांच्या गाई आणि भांड्यांचं घराणं एकच.

इंकोंगोरो म्हणजे दूध प्यायचं भांडं. हे जास्त देखणं असतं, कारण ते पाहुण्याच्या हातात जातं. लग्नाच्या विधींत वधूवरांना दूध पाजतात ते यातूनच. नवखी माणसं इचान्सी आणि इंकोंगोरो यांत गोंधळतात. सोपी खूण सांगतो : उचलून तोंडाला लावावंसं वाटलं तर ते बहुधा इंकोंगोरो.

इगिसाबो हा घुसळायचा भोपळा. लाकडाचा नव्हे, वाळवलेल्या दुधी भोपळ्याच्या जातीचा मोठा तुंबा. बाई चटईवर बसते, तो मांडीवर घेते आणि पुढेमागे झुलवत राहते. रवी नाही, दोरी नाही, खांब नाही. घुसळण्याला ‘गुचुंदा’ म्हणतात आणि लोणी काढून उरलेल्या ताकाला ‘अमाचुंदा’. हा शब्द मला पहिल्यांदा ऐकताच पाठ झाला, ‘छुंदा’ची आठवण झाली म्हणून, अर्थाचा काही संबंध नाही.

उमुतेमेरी म्हणजे झाकण. हे लाकडाचं नसतं, गवताचं विणलेलं असतं आणि वर निमुळत्या टोकाचं. आणि उरुहिंबी म्हणजे घरातली ती उंच जागा, जिथे ही सगळी भांडी ओळीनं मांडून ठेवतात. आपल्या जुन्या घरांत चुलीच्या वर फडताळ असायचं, पण उरुहिंबीला त्याहून जास्त मान आहे. तिथे कुणीही येता-जाता हात घालत नाही.

आणखी एक शब्द फुकटात घ्या. भेटताना ‘अमाशो!’ म्हणायचं, म्हणजे ‘तुझे कळप होवोत’. उत्तर येतं ‘अमाशोंगोरे!’, तुझ्या कळपांत गाई होवोत, म्हणजे माद्या. नुसते बैल घेऊन काय करायचं? रोजच्या बोलण्यात तरुण मुलं हे फारसं म्हणत नाहीत, पण साठीच्या पुढच्या माणसाला परदेशी माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं तर त्याचा चेहरा उजळतो.

तिसरं : न्यान्झा आणि हुये

दोन ठिकाणं बघितल्याशिवाय खिशाला हात घालू नका. दोन्ही किगालीच्या दक्षिणेला एकाच रस्त्यावर आहेत, पहाटे निघालात तर एका दिवसात होतात. फक्त महिन्याचा शेवटचा शनिवार टाळा. त्या सकाळी ‘उमुगांडा’ म्हणजे सार्वजनिक श्रमदान असतं आणि सगळं बंद राहतं. मी पहिल्यांदा नेमका त्याच दिवशी निघालो आणि अकरापर्यंत बस स्थानकावर शेंगा खात बसलो.

न्यान्झा ही जुनी राजधानी, किगालीपासून दोनेक तासांवर. तिथे राजवाड्याची जुन्या पद्धतीची प्रतिकृती उभारली आहे : गवतानं शाकारलेली घुमटासारखी प्रचंड झोपडी. तिच्या मागे दोन लहान झोपड्या आहेत, एक बिअरची आणि एक दुधाची. दुधाच्या झोपडीची राखण अविवाहित मुलीकडे असायची. आत शिरलात की पहिल्यांदा काही दिसत नाही, नुसता धुराचा आणि जुन्या लोण्याचा वास येतो. डोळे सरावले की मागच्या बाजूला उंचवट्यावर ओळीनं भांडी दिसू लागतात, प्रत्येकावर टोकदार झाकण. मी तिथे बऱ्याच वेळा गेलो आणि दर वेळी दारातच मिनिटभर उभा राहिलो. भांड्यांची मांडणी, त्यांची उंची, त्यांच्यामधलं अंतर हे सगळं पाहून घ्या. दुकानात सुटं भांडं दिसेल तेव्हा मनातल्या मनात त्याला इथे आणून बसवता आलं पाहिजे.

बाहेर इन्यांबो गाई असतात. राजाच्या कळपातल्या, भल्या मोठ्या शिंगांच्या. त्यांचे राखणदार त्यांच्यासाठी गातात, कपाळावर मण्यांची माळ बांधतात. गाईंची नावं घेऊन म्हणायच्या स्तुतिकवितांची परंपराच आहे, तिला ‘अमाझिना यिंका’ म्हणतात, म्हणजे गाईंची नावं. आजही लग्नात हुंड्याच्या गाईचं वर्णन करणारा कवी उभा राहिला की मांडव शांत होतो. हुंडा इथे वराकडून वधूच्या घरी जातो, आणि तो गाईंत मोजतात. शिंगांकडे बघून भुलू नका, या गाई दूध फार देत नाहीत. आपल्या जर्सीच्या बादल्या डोळ्यांपुढे असतील तर ही भांडी लहान वाटतील. ती लहान असायचं कारणच हे की दूध थोडं होतं आणि म्हणून मोलाचं होतं.

हुयेला, जुन्या बुतारेला, वांशिक संग्रहालय आहे. बेल्जियमचे राजे बोदुआँ यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, १९८९ मध्ये सुरू झालेलं. न्यान्झात भांडी घरात दिसतात, हुयेत काचेमागे. पण इथे तुलना करता येते. दुधाची भांडी, अन्नाची लाकडी ताटं, केळीची बिअर करायच्या लांबलचक कोरीव द्रोण्या शेजारी शेजारी पाहिल्या की लक्षात येतं, बिअरच्या द्रोणीवर वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव तसेच सोडलेले आहेत आणि दुधाच्या भांड्यावर मात्र बाहेरून एक घावही दिसू दिलेला नाही.

मध्येच एक सावधगिरी

‘तुत्सी’ हा शब्द मी या लेखात लिहितो आहे कारण या भांड्यांचा इतिहास त्याशिवाय सांगता येत नाही. तिथे समोरच्याला ‘तुम्ही तुत्सी का?’ असं कधीही विचारू नका. गुरं राखणारे तुत्सी, शेती करणारे हुतू आणि कुंभारकाम करणारे त्वा या ओळखी पूर्वीही होत्या, पण त्या अगदीच दगडावरच्या रेघा नव्हत्या. गाई मिळाल्या, गाई गेल्या, की माणसाचं स्थान हलायचं. बेल्जियन अंमलात १९३० च्या दशकात ओळखपत्रावर जात छापली गेली आणि रेघ पक्की झाली. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सींची हत्या झाली. गाईसुद्धा सोडल्या नाहीत, कारण गाय ही त्यांची ओळख मानली गेली. आज सरकारी व्यवहारात ही वर्गवारी नाही. लोक ‘आम्ही रवांडन’ म्हणतात आणि तेवढ्यावर थांबायचं. भांड्याबद्दल विचारा : कुणी कोरलं, कशाचं लाकूड, आजीकडे होतं का. माणूस आपणहून बोलला तर ऐका.

भांडं ज्यांच्या घरात असायचं ते आणि ते कोरणारे हात बहुतेक वेळा वेगळे असायचे, हेही ध्यानात ठेवा. कोरणारा शेतकरी किंवा कारागीर, झाकण विणणारी घरातली बाई, धार काढणारा पुरुष, घुसळणारी पुन्हा बाई. गाय मिळवण्यासाठी मोठ्या माणसाची चाकरी करायची ‘उबुहाके’ नावाची पद्धत होती, ती राजा मुतारा रुदाहिग्वा यांनी १९५४ मध्ये रद्द केली. आता उलटी वाट आहे : २००६ पासून ‘गिरिंका’ योजनेत गरीब कुटुंबाला एक गाय मिळते आणि तिची पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची असते. गिरिंका म्हणजे ‘तुला गाय मिळो’. जुलै २०१८ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी याच योजनेसाठी र्वेरू गावात २०० गाई दिल्या होत्या. मी भारतीय आहे म्हटल्यावर दोन वेळा तरी टॅक्सीवाल्यानं मला त्या गाईंची आठवण करून दिली.

चौथं : हातात घ्या

आता भांडं समोर आहे असं धरा. घाई नको. मी पुढे सांगतो ते दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत होतं.

उचलून बघा. चांगलं दुधाचं भांडं दिसतं त्याहून हलकं लागतं. या कामाला जी लाकडं वापरतात त्यांतलं एक म्हणजे ‘उमुको’. हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊ, एकाच कुळातला. तसाच अंगावर काटे, तशीच पानं झडल्यावर येणारी लालभडक फुलं. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळं पूर्वापार ज्या पांगाऱ्याची करत, त्याचं लाकूड जसं मऊ, भेंडासारखं हलकं, तसंच हे. कोरायला सोपं आणि भरल्यावर उचलायलाही. धार काढणारा उकिडवा बसून भांडं गुडघ्यांत किंवा मांडीवर धरतो, दोन्ही हात सडांना. तिथे जड भांडं चालत नाही. उमुकोला आणखी एक मान आहे. र्‍यांगोंबे हा तिथल्या जुन्या उपासनेतला वीर. शिकारीत रानरेड्यानं शिंगावर घेतल्यावर तो याच झाडापाशी कोसळला, अशी कथा सांगतात. त्यामुळे हे झाड पवित्र. आपल्याकडे पांगाऱ्याच्या वाट्याला एवढं काही आलं नाही, कुंपणाला लावतो आपण.

आत बोटं घाला. इथेच सगळं कळतं. भांडं अखंड ओंडक्यातून, लाकूड ओलं असतानाच कोरतात. बाहेरून कुऱ्हाडीनं आणि वाकसानं आकार देतात, मग लांब दांड्याच्या, टोकाला वाकवलेल्या पात्यानं तोंडातून आत शिरून पोकळ करत जातात. अरुंद तोंडातून पोट खरवडायचं म्हणजे कारागीर आत बघू शकत नाही. सगळा अंदाज हाताचा आणि आवाजाचा. मध्येच टिचकी मारून भिंत किती उरली ते ऐकतो. म्हणून आत बोट फिरवलं की लहान लहान खोलगट घाव लागतात, माशाच्या खवल्यांसारखे. ते असायलाच हवेत. आत गुळगुळीत समांतर वर्तुळं लागली तर भांडं यंत्रावर कातलेलं आहे. वाईट नव्हे, पण त्याची किंमत वेगळी. माझ्याकडच्या भांड्याची भिंत तळाशी अंगठ्याएवढी जाड आहे आणि ओठाशी येईतो पुठ्ठ्याएवढी पातळ होते. डोळे मिटून दोन बोटांत ती चिमटीत धरून तळापासून वर येत गेलो की कुठेही उंचवटा लागत नाही. न बघता कोरलेल्या वस्तूत हे कसं साधतं, मला अजून नवल वाटतं.

टेबलावर ठेवून फिरवा. हाताचं भांडं किंचित लचकतं, पोटाची कड एका बाजूला जास्त फुगलेली असते. अगदी कंपासनं आखल्यासारखं गोल असेल तर वर सांगितलं तेच.

वास घ्या. वापरातल्या भांड्याला धुराचा, लोण्याचा, किंचित खवट वास येतो. या भांड्यांना धुरी देतात. अंकोलेत ‘एंबुरारा’ नावाचं गवत खास त्यासाठी जाळतात. धुरानं भांडं स्वच्छ राहतं, दूध टिकतं आणि दुधाला ती चव लागते जिच्यावाचून जुनी माणसं ‘हे काय दूध?’ म्हणतात. मडक्यातल्या ताकाला आपण जे म्हणतो तेच. भांडी धुवायला गोमूत्र वापरायची पद्धतही या भागात होती. हे ऐकून युरोपियन पर्यटक दचकतात, आपण कशाला दचकायचं. वास बूटपॉलिशचा आला तर ओळखून घ्या. ओला पांढरा रुमाल अंगावरून फिरवा. रुमाल काळा झाला तर भांडं काल-परवाचं आहे, म्हातारं नाही. अशा भांड्यातून दूध पिऊ नका, फुलंही ठेवू नका.

उलटं करून तळ बघा. वर्षानुवर्षं जमिनीवर ठेवलेल्या भांड्याची कड असमान झिजते, बारीक खडे रुतलेले असतात. नवीन भांड्याच्या तळावर करवतीच्या ताज्या रेघा दिसतात. खांद्यावर, मानेपाशी, जिथे हात पडतो तिथे वेगळी चकाकी आहे का ते पाहा. पॉलिशची चकाकी सगळीकडे सारखी असते, हाताची नसते.

जुन्या भांड्याला कुठे तारेचे किंवा धाग्याचे टाके दिसले, पत्र्याची पट्टी ठोकलेली दिसली, तर खट्टू होऊ नका. तडकलेलं भांडं फेकून न देता कुणीतरी शिवून वापरलं आहे. माझ्या मते अशा भांड्याला कमी लेखू नये.

झाकणाला मात्र वेगळा वेळ द्या. लोक झाकणाकडे बोनस म्हणून बघतात, मला उलट वाटतं. गवताच्या काड्यांची जुडी गोल गोल वळवत, दर वळशाला गवताच्या बारीक पातीनं टाचत हे वर चढत जातं. चांगल्या झाकणात वळसे एकमेकांना इतके चिकटलेले असतात की उजेडाकडे धरलं तरी भोक दिसत नाही. माझ्याकडे दोन आहेत. एकाच्या बोटभर रुंदीत मी नऊ टाके मोजले, दुसऱ्यात पाच. पाचवालं विमानतळावरून घेतलेलं. काळ्या नागमोडी नक्षीकडेही बघा. पूर्वी काळा रंग केळफुलाच्या चिकापासून करायचे, तो कोळशासारखा काळा नसतो, तपकिरीकडे झुकतो. बाजारी रंग एकदम काळा किंवा गुलाबी-जांभळा. आणि मुख्य म्हणजे झाकण त्या भांड्याचं आहे का? दुकानात जोड्या बदललेल्या असतात. बसवून हलवा, खरं झाकण मानेवर टोपीसारखं बसतं, डुगडुगत नाही.

पाचवं : विकत घेणं

हे लवकर आटोपतं. नवीन भांडं कारागिरांच्या सहकारी संस्थांत किंवा किगालीच्या किमिरोंको बाजारात मिळतं. घासाघीस करा, पण हसत. आवाज चढवणं तिथे फार वाईट दिसतं. खरोखर जुनं भांडं विकत घ्यायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. ते कुणाच्या तरी घरून, कदाचित कुणी घरात उरलं नाही म्हणून आलेलं असतं, आणि जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला परवानगी लागते. नवीन वस्तूची पावती मात्र जरूर घ्या, विमानतळावर कामी येते.

बांधून घेताना प्लास्टिकची पिशवी मागू नका, मिळणार नाही. २००८ पासून तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर उतरणाऱ्यांकडूनही त्या काढून घेतात. हे एका अर्थी बरंच आहे, कारण लाकडाला प्लास्टिकमध्ये कोंडणं वाईट. जुनी साडी किंवा टॉवेल सोबत न्या. भांड्याच्या आत मोजे कोंबा, झाकण वेगळं, एखाद्या वाटीवर उपडं घालून ठेवा म्हणजे टोक चेपत नाही. आणि हातातल्या सामानात आणा. माझी बॅग एकदा तीन दिवस उशिरा आली. तेव्हापासून मी पैज लावत नाही.

सहावं : घरी आणल्यावर

किगाली दीड हजार मीटर उंचीवर आहे, बाराही महिने हवा बेताची. पुण्या-नागपुरात एप्रिल-मेची कोरडी भट्टी, मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ओल. लाकडाला या दोन्हींचा धसका बसतो. म्हणून आल्या आल्या भांडं वर्तमानपत्रात सैल गुंडाळून, एखाद्या खोक्यात, घराच्या सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात महिनाभर ठेवा. आठवड्यातून एकदा कागद थोडा उघडत जा. लाकडातलं पाणी सावकाश सुटलं तर ते आकसतं, घाईनं सुटलं तर तडकतं. माझं तडकलं ते यामुळेच : आणल्या दिवशी मिरवायला म्हणून खिडकीत ठेवलं.

कीड ही दुसरी भीती. मऊ लाकडाला भुंगा लागतो. भांड्याखाली पिठासारखी बारीक पूड दिसली, की समजा लागलाच. औषध फवारू नका. जाड पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका; दिवसभर तसंच राहू द्या, नाहीतर अंगावर दव जमतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे मटाराच्या पाकिटांसाठी भांडण झालं.

तेल लावायचा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः ज्यांच्या घरी काठवट आहे त्यांना. खोबरेल, गोडेतेल, मोहरीचं तेल, काहीही नको. ते आत मुरतं, खवट होतं, चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. तिथे लोणी चोळतात हे खरं, पण तिथे भांडं रोज वापरात असतं आणि रोज धुराला लागतं. आपल्या शोकेसमध्ये दोन्ही नाही. कोरड्या मऊ फडक्यानं पुसणं पुरेसं आहे. पावसाळ्यात पांढरी बुरशी दिसली तर ब्रशनं बाहेर, मोकळ्या हवेत झटका आणि जागा बदला. आतून धुवू नका. झाकण पाण्यात तर कधीच नको, गवत फुगलं की टाके उसवतात.

भांड्यात दूध घालून बघावं का, असं मला सगळे विचारतात. नवीन, रंग न लावलेलं, खात्रीचं असेल तर एकदा बघा. थंड पाणी घालून रात्रभर ठेवा, गळतंय का पाहा, मग उकळून गार केलेलं दूध घाला. लाकडाची चव लागेल. पण ते सुकायला दोन दिवस लागतात आणि वास महिनाभर जात नाही. मी एकदा केलं. आता धुरकट दूध प्यायचं मनात आलं की निखाऱ्यावर तूप टाकून पातेल्याला धुंगार देतो.

तडा गेलाच तर? माझी पहिली धाव डिंक आणि लाकडाच्या भुशाकडे होती, शेजाऱ्यानं एम-सील सुचवलं. बरं झालं आळस केला. एप्रिलमध्ये पडलेली ती रेघ जुलैत हवा ओली झाल्यावर आपोआप मिटली, इतकी की नखाला लागेना. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा उघडली. गेली चार वर्षं असंच चाललं आहे. त्यात काही भरलं असतं तर जुलैत लाकडाला फुगायला जागा उरली नसती आणि दुसरीकडे कुठेतरी फाटलं असतं. तडा भरू नका. फार वाढत असेल तर मानेभोवती सुती दोरी दोन वेढे घालून सैलसर बांधा, आणि गाठ मागच्या बाजूला घ्या.